खार, क्षार आणि सामू

(अलिबाग येथे झालेल्या स्मृती-व्याख्यानाचा मजकूर)



टेबलावर काचेचे तीन ग्लास ठेवलेत, ते आधी पाहून घ्या. नववीच्या मुलींनी सकाळी जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून काढलेला अर्क तिन्हींत सारखाच आहे. आता पहिल्यात मी घरातल्या मिठाचं पाणी ओततो. दुसऱ्यात कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर ओहोटीला भरून आणलेलं समुद्राचं पाणी. तिसऱ्यात पापडखार विरघळवलेलं पाणी. पुढच्या रांगेतल्यांना काय झालं ते दिसलं असेल. त्यांनी मागच्यांना सांगू नये. मागच्यांनी अंदाज बांधावा. शेवटी आपण ग्लास उचलून दाखवू.

ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते ते माझे शिक्षक. त्यांचं नाव बाहेर फलकावर आहे. वर्गात आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. १९७१ साली मी खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातल्या, एका शाळेत नववीत होतो. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, रायगड व्हायला अजून दहा वर्षं होती. सहामाहीच्या पेपरात प्रश्न आला, समुद्राचं पाणी आम्लधर्मी, अल्कधर्मी की उदासीन, सकारण सांगा. मी लिहिलं, 'अल्कधर्मी, कारण ते खारट असते.' दोनपैकी एक गुण मिळाला. मी हुशार विद्यार्थी, त्यामुळे भांडायला गेलो. उत्तर बरोबर असताना अर्धेच गुण का? सर म्हणाले, "उत्तराचा एक दिला. कारणाचा कापला. रविवारी सकाळी सायकल घेऊन ये."

रविवारी आम्ही चौघे पोरं सरांबरोबर बांधावर गेलो. बाहेर खाडी, आत भाताचं खाचर, मधे मातीचा उंच बांध आणि बांधात लाकडी दाराची उघाडी. खारेपाटात वाढलेल्यांना उघाडी सांगायला नको. पण इथे पुण्यामुंबईचे पाहुणेही बसलेत, म्हणून सांगतो. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं. भरती आली की बाहेरचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. माणूस लागत नाही, चंद्रच दार लोटतो. बांधाला खांड पडली, उधाणाचं पाणी आत शिरलं, की तीन-तीन वर्षं शेत भाताला पारखं होतं.

सरांनी खिशातून लिटमसच्या निळ्यातांबड्या पट्ट्या काढल्या. खाडीच्या पाण्यात तांबडी पट्टी बुडवली, ती किंचित जांभळट झाली, नीट निळी झाली नाही. मग त्यांनी डब्यातून आणलेलं साधं मीठ गोड्या पाण्यात घातलं, खाडीपेक्षा खारट होईल इतकं, आणि आम्हाला चाखायला लावलं. त्यात तांबडी पट्टी तांबडीच राहिली आणि निळी निळीच. "हे खाडीपेक्षा खारट. मग हे जास्त अल्क नको का?" असं विचारून सर उघाडीवर बसून विडी ओढू लागले. त्या काळी शिक्षकांनी विद्यार्थ्यांसमोर विडी ओढली तर कुणी ठराव करत नसे.

माझ्या चुकीचं मूळ रसायनशास्त्रात नव्हतं, ते आमच्या भाषेत होतं. आणि भाषेलाही मी दोष देणार नाही, कारण पुढे कळलं की तिच्या या गोंधळात फार जुनं शहाणपण दडलंय.

'खार' हा शब्द घ्या. खारेपाट, खारपाडा, खारघर, खारभूमी. इथे खार म्हणजे मीठ. आता पेणला या. पेणच्या पापडात घालतात तो पापडखार. तो खारट लागतो, पण त्याचं काम मिठाचं नाही. त्याच्यामुळे पापड फुलतो आणि कुरकुरीत होतो. तो सोडियमच्या कार्बोनेटांचा, म्हणजे चांगलाच अल्क. टाकणखार, सज्जीखार हेही त्याच कुळातले. वैद्यांकडे गेलात तर त्यांचा 'क्षार' म्हणजे वनस्पती जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून केलेला दाहक पदार्थ. सुश्रुतसंहितेत तो कसा करायचा याचा स्वतंत्र अध्याय आहे आणि क्षारसूत्राने मूळव्याधीवर आजही उपचार होतात. आणि शाळेच्या पुस्तकात? तिथे 'आम्ल, आम्लारी व क्षार' या मथळ्यात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या उदासिनीकरणातून उरणारा पदार्थ. म्हणजे वैद्यांचा क्षार पुस्तकात आम्लारीच्या रांगेत जाऊन बसला, आणि क्षाराच्या जागेवर मीठ आलं. नववीचं पोर यात अडखळलं नाही तर नवल.

आता गंमत ऐका. इंग्रजीत अल्कली म्हणतात तो मूळ अरबी शब्द, 'अल-किली'. त्याचा अर्थ राख. आणि ती राख कुणाची? खाऱ्या जमिनीत, समुद्रकाठी वाढणाऱ्या मांसल पानांच्या झुडपांची. आपल्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतही, तशी झुडपं आहेत, पान तोडून चावलं तर मीठ लागतं. ही झाडं मुळांतून सोडियम घेतात आणि पानांत साठवतात. पण पानांत तो नुसता मिठाच्या रूपात नसतो, झाडाने केलेल्या सेंद्रिय आम्लांशीही त्याची जोडी असते. झाड जाळलं की ती आम्लं जळून जातात आणि सोडियम कार्बोनेट होऊन राखेत उरतो. युरोपात शतकानुशतकं काच आणि साबण या राखेवर चालले. समुद्रातलं मीठ जिभेला खारट, लिटमसला मुकं. तेच झाडाच्या पोटातून आणि आगीतून गेलं की पापडखाराचा भाऊ. खार या शब्दाचे दोन्ही अर्थ एका राखेत भेटतात. भाषेने ते वेगळे केले नाहीत, कारण ज्याच्या हातात राख होती त्याला वेगळे करायची गरज पडली नव्हती. गरज पडली ती मोजायची वेळ आली तेव्हा.

मोजण्याच्या बाबतीत अलिबागकरांनी लाजू नये. 'मी काय अलिबागहून आलोय का' हे मुंबईकर 'मी काय भोळा वाटलो का' या अर्थाने म्हणतात. त्याविरुद्ध २०१९ साली कुणी उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने याचिका फेटाळली. बरंच झालं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेची चुंबकीय उपकरणं बिघडणार, म्हणून १९०४ साली ती उपकरणं अलिबागला आली. अचूक मोजायचं असेल तर मुंबई सोडून इथे यावं लागलं. मला कुणी तो प्रश्न विचारला की मी 'हो' म्हणतो.

अलिबागला पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला लागून पाच वर्षं झाली, तेव्हा, १९०९ साली, कोपनहेगनमध्ये सोरेन सोरेनसेन या रसायनतज्ज्ञाने पीएच ही मोजणी मांडली. तो कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत होता. होय, बिअरवाले कार्ल्सबर्ग. बिअर करताना विकरं नीट काम करायला आम्लता अमुक इतकीच लागते, आणि ती मोजताना दशांशचिन्हापुढे इतकी शून्यं यायची की लिहिणारा वैतागे. सोरेनसेनने शून्यं मोजून तोच आकडा केला. हायड्रोजन आयनांची संहती एका लिटरला एक दशलक्षांश मोल, म्हणजे पीएच ६. मराठीत आपण त्याला सामू म्हणतो. हा शब्द शाळेपेक्षा शेतकऱ्याच्या तोंडी जास्त आहे, हे मला आवडतं. कृषी विद्यापीठाच्या पत्रकात 'जमिनीचा सामू' असतो. इंग्रजी शाळेतला नातू 'पीएच' म्हणतो आणि आजोबा 'सामू' म्हणतात, दोघेही बरोबर.

सामूची गंमत ही की तो एका पायरीने उतरला की आम्लता दहापट वाढते. ६ चं पाणी ७ च्यापेक्षा दहापट, ५ चं शंभरपट. मुलांना हे पाठ असतं, पटत नाही. मी वर्गात विचारायचो. एक लिटर सामू ४ चं पाणी, एक लिटर सामू ६ चं. मिसळलं तर किती? सगळा वर्ग ओरडायचा, पाच! उत्तर आहे सुमारे ४.३. सहाच्या पाण्यात हायड्रोजन आयन इतके कमी की त्याने चारच्या आयनांना फक्त दुप्पट जागा करून दिली. त्यांची संख्या बदललीच नाही म्हणा ना. आणि शुद्ध पाण्यात हे आयन किती असतात? पाण्याचे सुमारे साडेपंचावन्न कोटी रेणू घ्या, त्यात एक. एवढ्या विरळ वस्तीवर आंबट चव, भाताचं पीक, माशाचं कालवण हे सगळं अवलंबून आहे.

कालवणाचा विषय निघाला, तर थोडं थांबतो. घाईने पुढे जावं असा तो विषय नाही.

ताज्या सागरी माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा बिनवासाचा पदार्थ असतो. मासा मेला की जंतू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि मासळीबाजाराचा वास म्हणतात तो मुख्यतः हाच. हा पदार्थ अमोनियाचा नातेवाईक, आम्लारी. त्याला आम्ल भेटलं की तो हायड्रोजन आयन घेऊन स्वतः आयन होतो, आणि आयन उडू शकत नाही. उडाला नाही तर नाकापर्यंत येणार कसा? म्हणून मासा कापून झाल्यावर हात साबणाने कितीही धुवा, वास राहतो, कारण साबण स्वतःच अल्कधर्मी. लिंबाची साल चोळा, गेला. माझी आजी बोंबील साफ करून झाले की हाताला आमसुलाचं पाणी लावायची, मग राखेने पाटा घासायची. आधी आम्ल, मग अल्क, क्रम चुकायचा नाही. राखेतला पोटॅशियम कार्बोनेट तेलाचा साबण करतो, हे तिला माहीत नव्हतं. पण पाटा घासताना ती राख ओली करून थोडी मुरू द्यायची. का, ते विचारलं की म्हणायची, "लगेच घासलं तर नुसती माती."

कोकमाचं आम्ल मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक, लिंबातल्या सायट्रिकचं भावंड. पण कोकमाला लिंबापेक्षा एक गुण जास्त, ते स्वतःचं दर्शकही आहे. त्याच्या लाल रंगाचे अँथोसायनिन आम्लात लाल राहतात, सामू चढला की जांभळे, पुढे निळसर होतात. सोलकढीत आगळ, म्हणजे कोकमाचा रस, कमी पडलं की ती गुलाबी न दिसता मळकट जांभळी दिसते, हे इथल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पाहुणे यायच्या आधी ती चव घेत नाही, रंग बघते आणि अजून दोन चमचे आगळ घालते. शाळेत यालाच अनुमापन म्हणतात आणि त्यासाठी ब्युरेट लागते. हळदीचंही तसंच. पांढऱ्या शर्टावर कालवणाचा डाग पडला, साबण लावला, डाग लालभडक झाला, आणि बाईने नवऱ्याला विचारलं की हे काय सांडलंस. काही सांडलं नाही. हळदीला अल्क भेटला.

आणि खुद्द लिटमस? तो कारखान्यात जन्मलेला निळा रंग नाही, तो शैवाकातून काढतात. शैवाक म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल ज्या कुळातलं, ते कूळ. लिटमसचं शैवाक समुद्रकाठच्या खडकांवर वाढतं, दगडफुलाची जात वेगळी. पण मुलांनो, लिटमसची पट्टी हातात घ्याल तेव्हा आईच्या मसाल्याचा डबा आठवायला हरकत नाही. यंत्राची गोष्टही स्वयंपाकघरापासून फार लांब नाही. १९३४ साली अमेरिकेत अर्नोल्ड बेकमनने पहिलं चांगलं चालणारं पीएच मीटर बनवलं ते कॅलिफोर्नियाच्या लिंबू-संत्रावाल्यांसाठी, रसाचा आंबटपणा मोजायला. लिटमस त्यांना जमत नव्हता. मला वाटतं, रत्नागिरी-रायगडच्या कोकमवाल्यांनी मागितलं असतं तर ते इथे आधी निघालं असतं. असो.

आता बांधावर परत जाऊ.

माणसं या खार जमिनीसाठी काय काय करतात, ते इथे वेगळं सांगायला नको. चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं संप केला तो याच भातशेतीच्या पट्ट्यात. जमीन कुणाची हा प्रश्न त्यांनी लढून सोडवायला घेतला. जमिनीत काय आहे, हा प्रश्न मात्र अजून कित्येकांच्या घरात मृदा आरोग्य पत्रिकेच्या घडीत पडून आहे. २०१५ पासून ही पत्रिका मिळते. तिच्यात वर दोन ओळी असतात, एक सामूची आणि एक विद्युत वाहकतेची. मला या दोन ओळींबद्दलच बोलायचं आहे, बाकी सगळं व्याख्यान म्हणजे या दोन ओळींपर्यंत यायची वाट.

सामू सांगतो हायड्रोजन आयन किती. वाहकता सांगते विरघळलेले एकूण क्षार किती. मीठपाण्यातून वीज धावते, म्हणून. आपल्या खार जमिनीत दुसरी ओळ चढलेली असते आणि पहिली बहुधा सातच्या आगेमागे. म्हणजे खार जमीन खारी असते, अल्क नसते. माझा कापलेला एक गुण तो हाच. संपृक्त मातीच्या अर्काची वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. आता घाटावर जा, सांगली, कोल्हापूर, नीरेचा पट्टा. तिथे कालव्याच्या पाण्याने आणि उसाने ज्या जमिनी गेल्या त्यांतल्या बऱ्याच 'चोपण'. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो, सोबत सोडियम कार्बोनेट असतो, सामू साडेआठच्या पुढे जातो, माती ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की विटेसारखी. त्या जमिनीत जिप्सम घालतात. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला कणावरून उठवतो, मग तो पाण्याबरोबर निघून जातो.

घाटावरच्या शेतकऱ्याने खारवट आणि चोपण असे दोन शब्द केले. आमच्याकडे चोपणची वेळ फारशी आली नाही, म्हणून एकच खार. तोवर ठीक होतं. पण आता घाटावरचा पाहुणा येतो आणि सांगतो, "आमच्याकडे जिप्सम टाकून जमीन सुधारली, तुम्हीही टाका." आणि इथला पोरगा गाडी भरून जिप्सम आणतो. अरे बाबा, तुझ्या जमिनीला औषध आहे ते पाऊस आणि उघाडी. पेणला गणपतीसाठी प्लास्टर ऑफ पॅरिस गाड्या भरभरून येतं, तेही भाजलेलं जिप्समच. ते शेतात ओतलंस तरी खाडीचं मीठ जायचं नाही. मीठ धुवायला पाणी लागतं, आणि ते धुतलेलं पाणी ओहोटीला बाहेर जायला उघाडीचं दार नीट लागतं. जिप्समचे पैसे दाराच्या लाकडाला घाल.

मीठ धुतलं गेलं का, ही परीक्षा जुनी माणसं जिभेने करत. एप्रिलमध्ये खाचराच्या तोंडावर पांढरी पापुद्री येते, जूनच्या पहिल्या पावसात खाचर भरू द्यायचं, ओहोटीला सोडायचं, पुन्हा भरायचं. मग खाचरातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचं आणि थुंकायचं. गोडसर लागलं की मोड आलेलं भात फेकायचं, त्याला रहू म्हणतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने इथल्या राता भातातून काळा राता १-२४, भुरा राता ४-१० असे वाण निवडले आणि पुढे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ दिले. ते मीठ सहन करतात, अल्क सहन करणं हे निराळं काम. ज्याने भाताचे हे वाण निवडून दिले त्याने जिभेची परीक्षा यंत्रावर नेली, पण परीक्षा तीच, वाहकतेची. जीभ मीठ ओळखते. अल्क ती तितका नीट ओळखत नाही, पोळल्यावर कळतं. पानात चुना जास्त लागला की तोंड सोलवटतं, तेव्हा.

आता बांधाच्या वर, डोंगरउताराच्या तांबड्या मातीत या. तिथे दुसरीच गोष्ट. आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढं पाणी मातीतून जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन जातं आणि माती आम्लधर्मी उरते, सामू साडेपाच-सहा. तिथे रोपवाटिकेवर राब भाजतात, पाला, शेण, काट्या जाळून. राखेतला अल्क त्या वाफ्यापुरती आम्लता मारतो. शिवाय तणाचं बी जळतं, पोटॅश मिळतं. पर्यावरणवाले राब जाळण्यावर रागावतात, झाडं तोडण्याबद्दल त्यांचं बरोबरही आहे. पण राब म्हणजे अडाणीपणा असं कुणी म्हणालं तर मी त्याला नववीचं पुस्तक देतो.

आणि भाताची सगळ्यात मोठी किमया अजून सांगायची राहिली. आम्लधर्मी खाचर पाण्याखाली ठेवा, दोन-तीन आठवड्यांत सामू साडेसहा-सातकडे चढतो. अल्कधर्मी खाचर पाण्याखाली ठेवा, तो सातकडे उतरतो. चिखलात हवा संपते, जंतू मातीतल्या लोखंडाच्या गंजाकडून ऑक्सिजन काढून घेतात, त्या व्यवहारात हायड्रोजन आयन खर्ची पडतात. दुसरीकडे जंतूंच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चढेल सामूला खाली ओढतो. शेतात उभं पाणी ठेवणारा शेतकरी न मागता सामू दुरुस्त करून घेतो.

याच्या उलट उदाहरण केरळात आहे. कुट्टनाडमध्ये काही 'कारी' जमिनी समुद्रसपाटीच्या खाली आहेत. त्या चिखलात समुद्राच्या सल्फेटपासून बनलेले लोखंडाचे सल्फाइड आहेत. खाजणात पाय रुतला की सडक्या अंड्याचा वास येतो ना, काळा चिखल, तेच. पाण्याखाली असेपर्यंत ते निवांत असतात. पाणी काढलं, चिखल वाळला, हवा लागली, की त्यातून सल्फ्युरिक आम्ल होतं आणि सामू तीन-चारवर येतो. समुद्राच्या मातीतून एवढा आंबटपणा! खार म्हणजे अल्क समजणाऱ्याने ही जमीन एकदा पाहून यावी. आणि कांदळवन तोडून खाजण कोरडं करायला निघालेल्यांनीही.

युरियाबद्दल दोन वाक्यं, कारण थळचा कारखाना आपल्या उशाशी आहे. तिथे अमोनिया होतो आणि अमोनियाचा युरिया. शेतात युरियाचा दाणा पडला की तो पुन्हा अमोनियाकडे जातो, दाण्याभोवती सामू आधी चढतो. मग जंतू अमोनियाचं नायट्रेट करतात, त्यात हायड्रोजन आयन सुटतात आणि सामू उतरतो. वर्षानुवर्षं नुसता युरिया टाकला तर तांबडी माती आणखी आंबते. 'युरियाने माती गरम होते' असं आपले लोक म्हणतात. गरम होत नाही, पण काहीतरी बिघडतं हे त्यांनी अचूक पकडलंय.

सामूबद्दलचा आणखी एक गैरसमज मला छळतो. सात म्हणजे शुद्ध. पाहा, मिठाचं पाणी सातच्या आसपास, पिऊन दाखवा. ऊर्ध्वपातित पाणी वाटीत उघडं ठेवा, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून सामू ५.६ कडे येतो, पाणी तितकंच शुद्ध. स्वच्छ पावसाचाही तोच. 'अल्कलाइन पाणी' देणारी यंत्रं आता घरोघर येऊन विकतात. जठरात सामू दीड-दोन असतो, ते पाणी तिथे पोचलं की संपलं, आणि रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ च्या मधे फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात, यंत्रवाला नाही.

शुद्धतेचा विषय रायगड जिल्ह्यात महाडचं नाव घेतल्याशिवाय संपत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. नंतर सनातनी मंडळींनी १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही एवढा सरंजाम करून तळं 'शुद्ध' केलं. सर हा धडा रसायनशास्त्राच्या तासाला शिकवत. ते म्हणत, पाण्यात कुणाचा हात पडला हे पाण्याच्या रेणूंना कळत नाही, शेणगोमूत्र पडल्याचं मात्र कळतं. आणि मग लगेच फळ्याकडे वळून उदासिनीकरणाचं समीकरण लिहायला लागत. वर्गात कुणी हसत नसे.

समुद्राकडे शेवटी येतो. समुद्राचं पाणी थोडं अल्कधर्मी असतं, ८.१ च्या आसपास. ते मिठामुळे नाही, त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमुळे. मी नववीत हेच कारण लिहायला हवं होतं. औद्योगिक क्रांतीच्या आधी हा आकडा ८.२ च्या जवळ होता. एक दशांशाचा फरक, लोक म्हणतात, काय मोठंसं? सामूची पायरी दहापटीची आहे हे आठवा. एक दशांश उतरला म्हणजे हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्के वाढले. कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्र पितोय. शिंपल्या, तिसऱ्या, कालवं यांची कवचं कॅल्शियम कार्बोनेटची. त्यासाठी त्यांना पाण्यातून कार्बोनेट लागतो, आणि त्या कार्बोनेटला हायड्रोजन आयन खाऊन टाकतात. जुन्या काळी याच किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना करत. भट्टीत कवच अल्क होतं. समुद्रात आता ते करायलाच जड जाईल.

वेळ झाला. ग्लास उचलतो.

पहिला, मिठाचा. रंग होता तसा आहे. इतकं खारट असूनही जास्वंदीला काही फरक पडला नाही. दुसरा, समुद्राचा. थोडा निळसर झाकोळलाय, हिरवा म्हणावा इतका नाही. तिसरा पापडखाराचा. मी ओतला तेव्हा हिरवागार झाला होता, पुढच्या रांगेने पाहिलं. आता पाहा, तो पिवळट झालाय. मी तासभर बोलत होतो आणि इथे कुणी काही ओतलेलं नाही. नववीच्या मुलींपैकी एकजण मघापासून याच ग्लासाकडे बघत वहीत काहीतरी लिहिते आहे. अध्यक्ष महोदय, परवानगी असेल तर तिसऱ्या ग्लासाबद्दल आधी तीच बोलेल.